मदत हवी आहे: एचएफ मोडेम ९६०० दाखवतोय, तरी मेल जात नाही

दर्याकिनारी (धागाकर्ता)
जुना ७५ बॉडचा टेलिटाइप काढून डेटा मोडेम बसवायचाय. बोटीवर चढवण्याआधीची चाचणी चालू आहे, एक टोक पुण्यात बाणेरला, दुसरं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. मोडेम स्टॅनॅग ४५३९ चा (एचएफ म्हणजे शॉर्टवेव्ह मोडेमसाठी नाटोचं मानक), त्यावर स्टॅनॅग ५०६६ चं सॉफ्टवेअर (त्या मोडेमवरून डेटा पाठवायचं मानक). सिंक होतो, स्क्रीनवर ९६०० बीपीएस (सेकंदाला बिट) दिसतं, पिंग कधी येतो कधी नाही. ४० केबीची मेल मात्र अर्धा तास थांबूनही जात नाही, टाइमआउट. इंटरलीव्हर (बिट विखरून पाठवतो, म्हणजे खरखरीत एकत्र जात नाहीत) सगळ्यात लांब ठेवलाय, म्हणजे चुका नकोत. कुठलं सेटिंग चुकतंय सांगा, सोमवारी दाखवायचंय. मॅन्युअल वाचलंय, ते वाचा म्हणू नका.

बिनतारी
रेडिओ कोणता, फिल्टर किती किलोहर्ट्झचा, फ्रिक्वेन्सी, वेळ, दोन्हीकडचे अँटेना? आणि मेल जाते कशी, थेट एसएमटीपी (मेलचा नेहमीचा प्रोटोकॉल) की मध्ये काही आहे? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजपंचे.

आकाशमार्ग
२०१३ पासून नौदलाला जीसॅट-७ उपग्रह आहे. २०२० नंतरही एचएफच्या खरखरीत मेल शोधायची हौस का?

फाटकी_शीड
@आकाशमार्ग, उपग्रह बंद पडला किंवा कुणी जॅम केला तर पुढे काय, त्यासाठीच हे असतं. शिवाय माणूस विचारतोय काय, तुम्ही सांगताय काय.

दर्याकिनारी
रेडिओ जुनाच, १०० वॉट, फिल्टर २.४. आवाज एकदम स्वच्छ येतो, त्यामुळे रेडिओचा प्रश्न नसावा. ७ मेगाहर्ट्झ. इकडे डायपोल, तिकडे ९ मीटरचा उभा व्हिप (काठीसारखा अँटेना) आणि तो रेडिओशी जुळवणारा ऑटो कप्लर. मेल क्लायंटमध्ये तिकडच्या सर्व्हरचा आयपी टाकलाय, बाकी सगळं ५०६६ वरून जातं.

बिनतारी
घ्या, सगळं इथेच सापडलं.

९६०० हा आकडा फक्त तुम्ही कुठला वेग लावलाय ते सांगतो, पलीकडे काय पोचतंय ते नाही. पुन्हा पाठवलेल्या फ्रेमची संख्या आणि एसएनआर (सिग्नल नॉइजपेक्षा किती वर) बघा. ९६०० ला शांत चॅनलवर २१ डीबी लागतात, २ मिलिसेकंद उशिराच्या प्रतिध्वनी आणि १ हर्ट्झ डॉप्लरच्या खराब चॅनलवर ३३. हेच ३२०० ला ९ आणि १४.

आवाज स्वच्छ येतो याला इथे अर्थ नाही. मोडेमचा सबकॅरिअर १८०० हर्ट्झवर, सिम्बॉल सेकंदाला २४००. म्हणजे ६०० ते ३००० हवंच, कडेचा उतार वेगळा. तुमचा फिल्टर २७०० च्या आसपास कापत असणार. बोलणं त्यातून निभतं, ६४ क्यूएएम (९६०० ला लागणारं नाजूक मॉड्युलेशन) नाही. शिवाय फिल्टरच्या काठावर ग्रुप डिले (वेगवेगळ्या सुरांना लागणारा उशीर) वाकडा होतो आणि तो सरळ करणाऱ्या इक्वलायझरची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. ३ किलोहर्ट्झचा डेटा फिल्टर मिळत नसेल तर ९६०० विसरा.

दुसरं, ऑडिओ लेव्हल. एएलसीचा (रेडिओची पॉवर आपोआप दाबणाऱ्या सोयीचा) काटा हलला की क्यूएएम गेलं. काटा स्थिर होईपर्यंत ऑडिओ खाली आणा. सरासरी ३०-४० वॉट दिसले तर घाबरू नका, शिखरं तेवढी उंच असतात.

फाटकी_शीड
फिल्टरचं बरोबर, पण मेल अडते त्याचं मूळ दुसरं आहे. एसएमटीपी थेट हवेत सोडलंय!

सगळ्यात लांब इंटरलीव्हर ८.६४ सेकंदांचा. चार बाइटची पोच पाठवायची तरी हवेत ८.६४ सेकंद जाणार. जायला तेवढे, यायला तेवढे, वर डिकोडिंग आणि रिले. म्हणजे एक फेरी २० सेकंदांच्या वर. एसएमटीपीच्या खालचं टीसीपी पहिलं पॅकेट एका सेकंदात पुन्हा पाठवतं, मग दुपटीनं थांबत आणखी. हे सगळे डुप्लिकेट तुमच्याच रांगेत. आणि एसएमटीपीत हॅलो, कोण पाठवतंय, कुणाला, डेटा, अशा आठ-नऊ फेऱ्या. मजकुराचं पहिलं अक्षर निघायलाच दोनेक मिनिटं तरी.

उपाय: मेल क्लायंट बाणेरच्याच गेटवेशी बोलू दे. गेटवे ते गेटवे ५०६६ च्या परिशिष्ट एफमधलं सीएफटीपी वापरा, ते अख्खी मेल दाबून एका दमात देतं. जेपीजी मात्र आणखी दबत नाही, फोटो आधीच लहान करा.

आणि डी-पीडीयू (५०६६ ची एक फ्रेम) २०० बाइटचा असेल तर खिडकी (पोच न येता सलग पाठवता येणाऱ्या फ्रेम) १२८ फ्रेमची, म्हणजे २५,६०० बाइट. ९६०० वर २१ सेकंदांत संपली, मग पोचेची वाट बघा. एका दमात १२७.५ सेकंद बोलायची मुभा आहे, ती वायाच.

बिनतारी
मग काय १०२३ चा करायचा? खराब चॅनलवर एक बिट गेला की अख्खा किलोबाइट परत. आधी वेग उतरवा, मग फ्रेम वाढवा.

फाटकी_शीड
वेग उतरवायला माझी ना नाही. डेटा रेट आपोआप बदलू द्या, ३२०० पासून सुरू करा.

वाइडबँडवाला
हे सगळं ठिगळकाम आहे. १८८-११० सी (अमेरिकन लष्कराचं एचएफ मोडेम मानक) घ्या, २४ किलोहर्ट्झ, १,२०,००० बीपीएस. २०११ पासून आहे. डी आवृत्तीत तर ४८ किलोहर्ट्झ.

बिनतारी
३ चे २४ केले की नॉइज ९ डीबीनं वाढला. ९ मीटरचा व्हिप ३ मेगाहर्ट्झवर एवढा आखूड असतो की कप्लरची बँडविड्थच तेवढी भरत नाही. वर सलग २४ किलोहर्ट्झचा परवाना कोण देणार? जुन्या १०० वॉटच्या डब्यावर हे सांगणं म्हणजे बैलगाडीला टर्बो.

व्हिपबद्दल राहिलंच. बाणेर-रत्नागिरी सरळ रेषेत १८० किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्री. ग्राउंड वेव्ह (जमिनीलगत जाणारी लहर) विसरा. लहर ७० अंशांच्या वर चढून उतरणार, आणि उभा व्हिप नेमका डोक्यावर आंधळा. व्हिप मागे झुकवून बांधा किंवा चाचणीपुरता आडवा डायपोल जमिनीपासून ६-७ मीटरवर टाका.

तांब्याची_तार
अवांतर: फेराइट रिंग पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, पण मिक्स ४३ (फेराइटचा एक प्रकार) आहे का ते नीट विचारून घ्या. काळी रिंग दिसली की दुकानदार ४३ म्हणूनच देतो. फीडलाइनला (अँटेनाच्या केबलला) या रिंगचा चोक लावलात तर सोसायटीच्या सोलर इन्व्हर्टरचा आणि एलईडी ड्रायव्हरचा बराचसा खरखराट कमी होईल.

दर्याकिनारी
ऑडिओ खाली आणला, ३२०० लावलं, इंटरलीव्हर २.१६, व्हिप झुकवला, सीएफटीपी चालू केलं. ४० केबी साधारण तीन मिनिटांत गेली. फिल्टर तोच. पण संध्याकाळी सातनंतर पुन्हा बोंब. सिंकच तुटतो. सेटिंग तीच आहेत!

फाटकी_शीड
सूर्य मावळला की डोक्यावरच्या आयनोस्फिअरच्या थराची परत फिरवायची कमाल फ्रिक्वेन्सी खाली येते, ७ आरपार निघून जाते. ३.५ ते ४ मेगाहर्ट्झच्या दरम्यान या. आपल्या अक्षांशांवर मार्च-सप्टेंबरच्या आसपास अंधार पडल्यावर स्प्रेड-एफ (तो थर विस्कटणं) असतो तो वेगळा, डॉप्लर एवढा पसरतो की क्यूएएमचं काही चालत नाही. तेव्हा १८८-११० ए वर ६०० किंवा ३००. एएलईमध्ये (आपोआप फ्रिक्वेन्सी निवडून जोडणी करणारी सोय) दिवसाची आणि रात्रीची दोन्ही फ्रिक्वेन्सी घाला, ते स्वतः निवडेल.

आकाशमार्ग
उपग्रहाला दिवस-रात्र नसते. सहज सांगितलं.

दर्याकिनारी
प्रायोगिक परवान्यात ७ चीच एक आहे.

बिनतारी
मग सोमवारी दुपारी एकला दाखवा आणि मंगळवारी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा अर्ज टाका. एएलसीकडे लक्ष ठेवा, पाहुणे आले की कुणीतरी हमखास आवाज वाढवतं.