हिवाळी टायर निवडताना बर्फावरची पकड पाहावी की ओल्या रस्त्यावरची? मदत हवी आहे

नमस्कार. गेले तीन आठवडे टायरांच्या तुलना वाचून माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे, म्हणून हा धागा काढत आहे. आधी शब्दांचा एक खुलासा करतो. मराठीत आपण आकाशातून भुरभुरत पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतो, परंतु टायरच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे पडून साचलेल्या भुसभुशीत थराला मी येथे 'हिम' म्हणतो आणि गोठून काचेसारख्या झालेल्या थराला 'बर्फ'.

माझ्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि टायरचे माप २०५/५५ आर १६ आहे. रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, ४० किलोमीटर जावे लागते. त्यांपैकी ३४ किलोमीटर महामार्ग आहे. तेथे हिम वेळेवर बाजूला सारले जाते आणि मीठही टाकले जाते, त्यामुळे रस्ता बहुतेक दिवस नुसताच ओला असतो. उरलेले ६ किलोमीटर आडरस्त्याचे आहेत आणि त्यात उतार संपतो न संपतो तोच एक अरुंद पूल लागतो. हिवाळ्यात तापमान साधारणपणे ४ अंश ते उणे ८ अंश यांच्या दरम्यान राहते. एखादा आठवडा त्याहून खाली जाते, तो सोडून देऊ.

मागच्या महिन्यात त्या पुलावर मी ताशी ३० किलोमीटर वेगाने होतो. रस्ता काळा आणि ओलसर दिसत होता, कुठेही पांढरे काही नव्हते. पुढची गाडी थांबली म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली धडधडू लागले, स्टिअरिंग वळवूनही गाडी वळेना आणि ती सरळ जाऊन कडेच्या हिमाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कोणाला इजा झाली नाही. खाली उतरून टायर अंगठ्याने दाबून पाहिला तेव्हा तो वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिलेल्या खोडरबरासारखा टणक लागला. हे 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) अशी अक्षरे असलेले बारमाही टायर आहेत, त्यांचा हा तिसरा हिवाळा आहे आणि ते अजून गोटा झालेले नाहीत. नक्षी ५ मिलिमीटर शिल्लक असल्यामुळे मी निर्धास्त होतो.

त्यानंतर जे वाचले त्यातून मला समजलेले असे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण असे राखतात की ते थंडीतही लवचीक राहावे, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर साइप नावाच्या बारीक चिरा असतात, ज्या रस्त्यावर दाब पडताच उघडतात आणि हिमात रुततात. 'एम प्लस एस' ही अक्षरे नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच छापतो, त्यासाठी पकडीची कसोटी पार करावी लागत नाही. तीन शिखरे आणि त्यात हिमकण असे चिन्ह मात्र संदर्भ टायरशी तुलना करणारी चाचणी पार केल्यावरच मिळते. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या 'एम प्लस एस' टायरला हिवाळी टायर मानतच नाहीत.

इथपर्यंत ठीक. अडचण पुढे आहे. बिनखिळ्यांच्या, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे खिळे नसलेल्या, हिवाळी टायरांत दोन घराणी दिसतात. एक मध्य युरोपीय पद्धतीचे, म्हणजे कॉन्टिनेंटल विंटरकॉन्टॅक्ट किंवा मिशेलिन अल्पिन यांसारखे, ज्यांचे रबर तुलनेने घट्ट असते, पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा रुंद असतात आणि वेगाची श्रेणी बहुधा एच किंवा व्ही, म्हणजे ताशी २१० किंवा २४० किलोमीटर असते. दुसरे नॉर्डिक पद्धतीचे, म्हणजे नोकियन हक्कापेलिट्टा आर, मिशेलिन एक्स-आइस किंवा ब्रिजस्टोन ब्लिझॅक यांसारखे, ज्यांचे रबर फार मऊ असते आणि वेगाची श्रेणी बहुधा आर किंवा टी, म्हणजे ताशी १७० किंवा १९० किलोमीटर असते. तुलनांमध्ये बर्फावर दुसरे घराणे पुढे असते आणि ओल्या डांबरावर पहिले, आणि एकूण गुणांची बेरीज करून जो 'विजेता' जाहीर होतो तो माझ्या रस्त्यावर विजेता ठरेल की नाही हे त्या बेरजेतून कळतच नाही. माझ्या वापरासाठी कोणते घराणे योग्य, आणि यापेक्षा चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली तर हा प्रश्नच उरणार नाही, असे जे मला सांगितले जाते त्यात कितपत तथ्य आहे?

पहिला प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी जागची हलते आणि चढ चढते. थांबताना त्याचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि पकड शेवटी टायरचीच असते.

आता घराण्यांविषयी. तुम्ही पुलावर घसरलात म्हणून तुमचे सगळे लक्ष पुलावर आहे, ते स्वाभाविक आहे, परंतु तुमच्या ४० किलोमीटरांपैकी ३४ किलोमीटर ओल्या डांबराचे आहेत आणि तेही महामार्गाच्या वेगाचे. नॉर्डिक टायरचे मऊ ठोकळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताच वाकतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ए ते ई अशी दिलेली असते. त्यात हे टायर बरेचदा खालच्या श्रेणींत आढळतात. मी तुमच्या जागी असतो तर मध्य युरोपीय पद्धतीचेच घेतले असते.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत नाही. ओला रस्ता डोळ्यांना दिसतो, त्यामुळे चालक आपोआप अंतर वाढवतो. काळ्या रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ दिसत नाही आणि धोका तेथेच आहे. शिवाय तीन शिखरांच्या चिन्हावर विसंबू नका, कारण ती चाचणी दाबलेल्या हिमावरची आहे, बर्फावरची नव्हे. मे २०२१ पासून युरोपीय लेबलवर बर्फावरील पकडीचे वेगळे चिन्ह असते आणि ते प्रामुख्याने नॉर्डिक पद्धतीच्या टायरांवर दिसते. ब्लिझॅकच्या रबरात तर सूक्ष्म छिद्रे असतात, जी बर्फावरचा पाण्याचा पातळ थर शोषून घेतात. घसरवतो तो मुख्यतः हा थरच. म्हणूनच शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ हा उणे २० अंशांच्या कोरड्या बर्फापेक्षा कितीतरी अधिक निसरडा असतो, आणि तुमचे तापमान नेमके त्याच पट्ट्यात आहे.

पहिला प्रतिसाद, पुन्हा

मुद्दा रास्त आहे, पण थोडा हिशेब करू. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, जो ओलसर बर्फावर सहज असू शकतो, तर ताशी ३० किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. टायर उत्तम निघाला आणि गुणांक ०.१५ झाला, तर सुमारे २४ मीटर. आता टायर तोच ठेवून वेग ताशी २० किलोमीटर करा, म्हणजे अंतर १६ मीटरांवर येते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ज्या पुलाची जागा तुम्हाला ठाऊक आहे तेथे दहाचा वेग कमी करणे हे कोणत्याही घराण्याच्या टायरपेक्षा अधिक देऊन जाते. महामार्गावर समोर अचानक काय येईल याची जागा मात्र ठाऊक नसते. न दिसणारा धोका म्हणाल, तर तो तेथेही आहे.

खिळ्यांच्या टायरांचा विषय कोणी काढण्यापूर्वीच सांगतो: ओल्या बर्फावर ते सर्वांत उजवे असतात हे खरे, पण जर्मनीसारख्या देशात त्यांवर बंदी आहे, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे येथे ते हंगामापुरतेच चालतात, आणि नुसत्या ओल्या डांबरावर ते रस्ताही झिजवतात व आवाजही करतात. या धाग्याला ते लागू नाहीत.

धागाकर्ता

दोघांचाही आभारी आहे. वाद ऐकून मी एक साधा उद्योग केला. दोन आठवडे रोज सकाळी पोहोचल्यावर वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: तापमान, आणि ज्या ठिकाणी खरोखर जोरात ब्रेक लावावा लागला तेथील रस्ता कसा होता. कामाच्या दहा दिवसांपैकी सात दिवस महामार्ग ओला होता, दोन दिवस कोरडा आणि एक दिवस हिमाचा पातळ थर होता. जोराचा ब्रेक चार वेळा लावावा लागला, चारही वेळा महामार्गावर, आणि त्यांपैकी तीन वेळा ओल्या डांबरावर. बर्फ दोन दिवस लागला, दोन्ही वेळा त्याच पुलावर. पूल जमिनीपासून सुटा असल्यामुळे खालूनही गार वारा लागतो आणि रस्त्याच्या आधी तोच गोठतो, हे मी आता पक्के लक्षात ठेवले आहे.

त्यामुळे मध्य युरोपीय पद्धतीचे टायर घेण्याचे ठरवले आहे आणि पुलावर वेग २० च्या आतच राहील. दुसऱ्या प्रतिसादातील युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही. माझा रस्ता रोजच गोठलेला असता तर मी तोच मानला असता. आता एवढेच विचारायचे आहे की खर्च आवरण्यासाठी पुढच्या दोनच चाकांना नवे टायर घातले तर चालतील का, आणि घेताना आणखी काय पाहावे?

दुसरा प्रतिसाद, पुन्हा

दोनच टायर मुळीच घालू नका. पुढची चाके पकड धरतील आणि मागची सुटतील, म्हणजे वळणावर गाडीची शेपटी पुढे येऊ पाहील, आणि ती सावरणे सरळ घसरण्यापेक्षा अवघड असते. चारही एकाच प्रकारचे घ्या.

घेताना कडेवरील चार अंकी संकेत वाचा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे ३६२४ असेल तर २०२४ सालातील छत्तिसावा आठवडा. भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. तुमच्या मापात तो बहुधा ९१ असतो, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. नक्षीची कायदेशीर मर्यादा युरोपात १.६ मिलिमीटर असली तरी हिवाळी टायर ४ मिलिमीटरपर्यंत झिजला की त्याच्या चिरा उथळ होतात आणि त्याचे हिवाळीपण संपते. ऑस्ट्रियात कायदाच तसा आहे. तुमचे जुने ५ मिलिमीटरचे टायर म्हणूनच फसवे ठरले: खोली होती, पण रबर मेलेले होते.

हवा गाडी थंड असताना आणि बाहेरच्या तापमानातच तपासा. २० अंशांच्या बंदिस्त जागेत भरलेली हवा उणे १० अंशांत सुमारे ५ पीएसआयने कमी भरते. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच दिशेने बसवले आहे ना, ते स्वतः वाकून पाहा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.