गणपतीला कुडाळला जायचंय, कुत्रा सारखा खाजवतोय आणि बोका घरीच राहणार. काय करू?

खारूताई:
नमस्कार मंडळी. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आलेत, १४ सप्टेंबरला. सासरी कुडाळजवळ घरचा गणपती असतो, न जाऊन चालत नाही, गौरीविसर्जन होईपर्यंत तिकडेच. आमच्याकडे बंड्या (देशी कुत्रा, चार वर्षांचा) आणि मन्या (नसबंदी झालेला बोका, चांगलाच गोलमटोल, घराबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही). पाऊस सुरू झाला की बंड्या पंजे चाटत बसतो, बोटांमधली कातडी लालभडक, कान खाजवतो, आणि रात्री पलंगाखाली त्याच्या कोपराचं फरशीवर ठकठक ठकठक चालू. सोसायटीमागच्या प्लॉटवर कंबरेएवढं गाजर गवत माजलंय, फिरायला तिथूनच जातो. सासूबाई म्हणतात सर्दीची गोळी असते ना आपली, तीच अर्धी दे. द्यावी का? शिवाय जाऊबाईंच्या मुलाला दमा आहे, म्हणून बंड्याला न्यावं की बोर्डिंगला ठेवावं तेही कळत नाहीये. मन्यासाठी ऑटोमॅटिक फीडर घ्यायचा विचार आहे, तो वापरलाय का कोणी?

सदाशिव_पेठी:
फीडर घ्या पण त्याच्या भरवशावर बोका टाकून जाऊ नका. लाइट गेली, खाणं अडकलं, तर तुम्ही कुडाळात बसून काय करणार.

व्हेटची_बायको:
खारूताई, आधी गोळीचं. सर्दीची गोळी अजिबात नको. त्या बहुतेक गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं ते कुत्र्याच्या हृदयाला बाधतं, आणि पॅरासिटामॉल असलं तर घरात मांजर आहे हे लक्षात ठेवा, मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. नुसती सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) वेगळी, ती डॉक्टर कधीकधी वजनावर देतात, पण कुत्र्यांच्या खाजेवर तिचा उपयोग यथातथाच.

पंजे, कान, काखा, पोट हे लाल होणं आणि दरवर्षी त्याच मोसमात होणं ही ॲलर्जीची जुनी खूण आहे. गाजर गवत पावसात फुलतं, त्याचा संशय घ्यायला जागा आहे, पण एकट्या गवतावर बिल फाडू नका, ओल्या पंजांमध्ये यीस्ट (एक प्रकारची बुरशी) पण वाढतं, पंजाला आंबूस वास येतोय का बघा. शेपटीच्या मुळाशी जास्त खाजवत असेल तर पिसवा. डॉक्टर काचेवर नमुना घेऊन तिथल्या तिथे सांगतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी नाही, दोन-तीन आठवडे आधी जा. तोपर्यंत फिरून आलं की चारी पंजे धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने अगदी कोरड्या करायच्या, नुसतं धुऊन ओलं सोडलं तर उलट वाढतं. क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू दिला तर फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, लावला की धुतला असं केलं तर पैसे पाण्यात.

स्टेरॉइड दिलं तर एक गोष्ट आधीच सांगते, कुत्रा पाणी ढसाढसा पितो आणि सारखी लघवी लागते, पुणे-कुडाळ गाडीने जाणार असाल तर थांबायचा हिशोब त्याप्रमाणे ठेवा. ॲपोक्वेल या खाजेच्या गोळीला हा त्रास सहसा नसतो, महाग आहे, पण विचारून बघा.

आणि गोचिडाचं औषध! मानेवर टाकायचं कुत्र्याचं औषध पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचं असेल तर मन्याला चुकून पण लावू नका, आणि बंड्याला लावलं तर वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा. पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात. एकत्र झोपणारी जोडी असेल तर बंड्याला खायची गोळी बरी.

मालवणी_मसाला:
येवा, कोकण आपलाच आसा, पण बंड्याक घेऊन येतास तर नीट तयारीन येवा :) मी कुडाळचाच. आमच्याकडे या दिवसात अंगणात पाणी, चिखल, उंदीर, त्यामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) असतो, माणसांनाही होतो. कुत्र्याची लेप्टोची लस दरवर्षी लागते, कार्डावर तारीख बघा. सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. रात्री आंगणात सोडायचं नाही, फुरसं (विषारी साप) पायाखाली येतं आणि कुत्रा नाक आधी घालतो. बॅटरी आणि दोरी दोन्ही हवी.

घरात देवाचं सोवळं असतं, म्हातारी माणसं कुरकुर करतात, पडवीत त्याची जागा ठरवून टाका, सगळ्यांना बरं. रात्री भजन, झांजा, मृदुंग, विसर्जनाला फटाके. त्याला आवाजाची भीती आहे का तेवढं लिवा.

आणि खिरापत!! खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, बेदाणे. प्रेमाने कोणीतरी मूठभर पुढे करतंच. बेदाणे-मनुका कुत्र्याची किडनी घालवतात, किती खाल्ल्यावर त्रास होईल ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून एकही नको. काकी-मामींना आल्या आल्या सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर "एवढ्याने काय होतंय".

खारूताई:
बापरे, खिरापतीचं डोक्यातच नव्हतं. फटाक्यांना घाबरतो हो, संडासात जाऊन बसतो. आणि दम्याचं काय?

व्हेटची_बायको:
फटाक्यांसाठी डॉक्टर गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन लिहून देतात, पण पहिला डोस पुण्यात घरीच देऊन बघा, त्याला किती झोप येते ते कळतं. आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायचं असतं, घाबरल्यावर नाही. हे औषध खाजेच्या औषधाबरोबर चालेल का तेही त्याच वेळी विचारा.

दम्याचं म्हणाल तर ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे "आमचा कमी केसाचा आहे" याला अर्थ नाही. बंड्या पडवीत राहिला, पोरगा झोपतो त्या खोलीत आणि अंथरुणावर आला नाही, लाड केल्यावर हात धुतले तर बराच फरक पडतो. पण पोराला आत्ताच धाप लागत असेल तर बंड्याला नेऊ नका, सरळ सांगते. पोराचा पंप जवळ असू दे आणि त्याच्या आईला आधी विचारा, तिथे पोचल्यावर नको.

सदाशिव_पेठी:
बोर्डिंग बघणार असाल तर जो माणूस लसीचं कार्ड मागत नाही त्याच्याकडे कुत्रा ठेवू नका. केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) एकाला झाला की सगळ्यांना. आणि ट्रेनचा विचार असेल तर सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये कुत्रा चालत नाही, फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन बुक असेल तरच, नाहीतर ब्रेक व्हॅनमधला (गार्डच्या डब्यातला) कुत्र्यांचा पिंजरा. गणपतीच्या गर्दीत कूपे मिळणं म्हणजे... असो.

बोकाप्रेमी:
मन्यावर कोणी नीट बोललंच नाही. तो घरीच राहू दे, मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. पण कुणीतरी दिवसातून दोनदा येऊन जायला हवं, नुसतं वाटीत घालून नाही, त्याने खाल्लं का आणि ट्रेमधल्या मातीत लघवीचा गोळा आहे का हे बघणारं. लठ्ठ बोका दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर लिव्हरला चरबी चढते, म्हणून एक दिवस जरी खाल्लं नाही तरी फोन. आणि सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय पण लघवी नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय समजायचं, नर मांजरांना ताणात हे होतं आणि त्यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं, रात्री बारा वाजता पण दवाखाना. येणाऱ्या माणसाला हे शब्दात सांगा, ट्रेचा फोटो रोज व्हॉट्सॲपवर मागा. एक ट्रे जास्तीचा ठेवा, खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघा.

खारूताई:
शेजारच्या काकू सकाळी येतील, संध्याकाळी त्यांचा मुलगा, त्याला मन्या आवडतो. बंड्याचं जाऊबाईंशी बोलले, पडवी चालेल म्हणाल्या, पोराचं सध्या ठीक आहे. शनिवारी डॉक्टरकडे. अजून एक, घाटात बंड्याला उलटी होते, त्याला काय?

व्हेटची_बायको:
निघायच्या चार-पाच तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं. उलटीची कुत्र्यांची वेगळी गोळी मिळते, सेरेनिया, प्रवासाच्या दोन तास आधी द्यायची, तीही शनिवारीच लिहून घ्या.

मालवणी_मसाला:
फोंडा घाटातून येतास तर घाट उतरायच्या आधी एकदा फिरवून घ्या. आणि गळ्यात फोन नंबरचा पट्टा!