एस्टीममध्ये बलेनोचं १.६ टाकलंय, ड्रॅगसाठी हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाईप) कुठला घेऊ? बजेट २५ हजार

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. आधी गाडीची कथा सांगून टाकतो म्हणजे मागाहून तेच तेच प्रश्न नकोत. बाबांची एस्टीम, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा छतापर्यंत बुडाली. इन्शुरन्स थर्ड पार्टी, त्यामुळे भोपळा. भंगारवाला दारात येऊन गेला पण बाबांना देववेना. दोन वर्षं ताडपत्रीखाली होती, मग डोक्यात किडा वळवळला आणि बलेनोचं जी१६बी इंजिन मिळालं, १५९० सीसी, ते बसवलं. हेड पोर्ट केलंय, कॅम री-ग्राइंड आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली असतो तो बिंदू) ६० डिग्री आधी उघडतो. पिगीबॅक (इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडलेला ट्यूनिंगचा डबा) आहे. ताकद ६८०० आरपीएमच्या आसपास हवी. सध्या कंपनीचाच बिडाचा मॅनिफोल्ड लावलाय आणि ५५०० नंतर गाडी तोंडावर रुमाल बांधल्यासारखी दमते.

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर पळवायचीय, रस्त्यावर नाही, टेम्पोत घालून नेणार. प्रश्न सरळ आहे: ४-१ (चार पाईप थेट एकात) की ४-२-१ (चारचे दोन, मग एक), एमएस (साधं पोलाद) की एसएस (स्टेनलेस), आणि पाईप किती एमएमचा. बजेट २५ हजार. घरी हाच आकडा सांगून बसलोय, कृपया त्यात बसवा.

घाटमाथा_जीटी
मित्रा एकच सांगतो, बाहेरून मागव. माझ्या सिटी व्हीटेकला बाहेरचा ४-१ आहे, कस्टम धरून सत्तरच्या वर गेला पण वेल्डिंग बघशील तर एकावर एक ठेवलेली नाणी वाटतात. पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा गॅलरीत आले. इकडच्या फॅब्रिकेटरकडे जाऊन २५ घालवशील, मग परत ७० घालशील, म्हणजे झाले ९५. थोडं थांब, पैसे जमव.

वाशिष्ठीकाठ
सत्तर म्हणजे मी अख्खं इंजिन आणलं त्यापेक्षा जास्त. पण धन्यवाद.

टू_स्ट्रोक_बाबू
मेल्यांनो चार चार पाईप कित्याक होये? माझ्या आरेक्स १०० क एकच चेंबर असा, पत्र्याचे कोन कापून मीच वेल्डिंग केलंय, पॉवर बँडात इली की मगे मागे कोणाक बघूचा नाय. हेडर, कलेक्टर (पाईप एकत्र येतत तो भाग) सगळा त्या एका भोपळ्यात इला.

बांगडाफ्राय
बाबूशेठ, त्याची गाडी चार सिलेंडरची आहे.

माझा अनुभव लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल. मी पण एस्टीमवालाच, १.३ आहे. इथल्याच एका सायलेन्सरवाल्याकडून ४-२-१ करून घेतला, कुठला ते सांगत नाही, माणूस स्वभावाने चांगला आहे. त्याने १ आणि २ ची जोडी केली, ३ आणि ४ ची केली, कारण शेजारी शेजारी पाईप जोडायला सोपे. दिसायला एकदम झकास. गाडी आधीपेक्षा मरगळली. सहा महिने मी कार्ब्युरेटरला शिव्या घालत होतो. मग एका जाणत्या माणसाने वाकून बघितलं आणि म्हणाला अरे फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे ना, जोडी १-४ आणि २-३ ची लागते, तेव्हाच धक्के सारख्या अंतराने येतात. माझ्यात दोन धक्के पाठोपाठ एकाच पाईपमध्ये घुसत होते, अरुंद जिन्यात दोघे जण अडकतात तसे. कापून परत केलं, अजून ६ हजार गेले.

दापोलीचे_काका
आजकालच्या मुलांना एक गोष्ट कळत नाही. इंजिनाला बॅक प्रेशर लागतं. तुम्ही मोठे मोठे पाईप लावता आणि पिकअप जातो मग म्हणता ट्यूनिंग नीट नाही. माझ्या पद्मिनीचा सायलेन्सर एकदा कशेडी घाटात गळून पडला होता, चढावर गाडी ओढेना. हा पुरावा.

मिरजोळे_फिटर
काका, आदर ठेवून सांगतो, बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. लागतो तो वेग. पाईप बारीक असला की धूर वेगात जातो आणि मागे ओढ तयार होते, ती ओढ दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात तेव्हा सिलेंडरमधला उरलेला धूर खेचते आणि नवीन मिश्रण आत घेते. पाईप उगाच मोठा केला की वेग मरतो, म्हणून पिकअप जातो. तुमच्या पद्मिनीचा सायलेन्सर पडला तेव्हा कार्ब्युरेटरचं सेटिंगही बिघडलं असणार.

दापोलीचे_काका
४० वर्षं गाडी चालवतोय.

मिरजोळे_फिटर
बरं. आता मूळ प्रश्न. मी पाईपलाईनच्या धंद्यातला, रेसिंगवाला नाही, पण दोन गाड्यांचे हेडर बनवलेत.

लांबीचा ठोकताळा असा: ८५० गुणिले (१८० अधिक व्हॉल्व्ह बीडीसीआधी जेवढे डिग्री उघडतो ते), भागिले आरपीएम, वजा ३. उत्तर इंचात. तुझे ६० डिग्री आणि ६८०० धरले तर ३० वजा ३, म्हणजे २७ इंच. ही लांबी व्हॉल्व्हपासून मोजायची, फ्लँजपासून (हेडला बोल्टने बसते ती पट्टी) नाही, हेडमधला पोर्ट यातच धरायचा. ४-२-१ करणार असशील तर साधारण पहिले १५ इंच चार पाईप आणि उरलेले १२ इंच दोन पाईप.

आतला व्यास: एका सिलेंडरचे सीसी (तुझे ३९७.५) भागिले (वरचे ३० गुणिले २५), त्याचं वर्गमूळ, गुणिले २.१. उत्तर १.५३ इंच, म्हणजे ३८.८ एमएम.

आता खरी गंमत इथे आहे. दुकानात जाऊन दीड इंची पाईप दे म्हणालास तर तो दीड इंची एनबी (पाईपचं नाममात्र माप) देईल आणि त्याचा बाहेरचा व्यास भरतो ४८.३ एमएम. घरी नेलास की रडशील. तुला हवा सव्वा इंची एनबी, शेड्यूल (जाडीचा वर्ग) ५. बाहेरून ४२.२, जाडी १.६५, आतून बरोब्बर ३८.८ च्या आसपास. शेड्यूल १० घेऊ नको, २.७७ जाडी, जड होतो आणि आतून ३६.६ उरतो. बेंड पण त्याच मापाचे तयार मिळतात, लाँग रेडियस घे. सायलेन्सरवाल्याच्या मशीनवर पाईप वाकवून घेऊ नको, वळणावर चपटा होतो.

घाटमाथा_जीटी
मी पण हेच म्हणत होतो, दर्जेदार घ्या.

बांगडाफ्राय
आणि जोडी १-४, २-३. विसरू नका.

हर्णैचा_दर्यावर्दी
एसएस एसएस करताय ते ठीक, पण कुठलं ते पण सांगा की. आमच्या जेटीजवळ ३०४ ची रेलिंग सहा महिन्यात चहाच्या डागांसारखी होते, खारा वारा आहे. ३१६ जरा जास्त टिकतं. माझा किस्सा ऐका. पोलोला नवा पाईप लावला, एमएसचा, वरून हीट रॅप गुंडाळला, फोटो काढायला संध्याकाळी किनाऱ्यावर नेली. ओहोटी होती म्हणून थोडी पुढे नेली. एक लाट आली ती थेट तापलेल्या पाईपवर, चर्रर्र असा आवाज, वाफेचा ढग, मला वाटलं रेडिएटर गेला. तेव्हा काही झालं नाही. एका पावसाळ्यानंतर रॅप सोडवला तर आतला पाईप पापडासारखा बोटाने मोडत होता. ते कापड मीठ आणि ओल धरून ठेवतं, वरून काहीच दिसत नाही. कोकणात रॅप गुंडाळू नका. आणि किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, ते तर मी आता सगळ्यांनाच सांगतो.

टू_स्ट्रोक_बाबू
पोलो घेऊन पुळणीत जाणारो तू शाणो.

हर्णैचा_दर्यावर्दी
तेव्हा लग्न झालं नव्हतं.

सरळमार्गी
कोणी कायद्याचं बोलतच नाहीये. मोटार वाहन कायदा कलम १९०(२), आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळी १० हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गणपतीत हायवेला नाके लागतात, सोडत नाहीत.

वाशिष्ठीकाठ
दादा, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, टेम्पोत नेणार.

सरळमार्गी
टेम्पोवरून उतरवल्यावर?

आंबापेटी_५डझन
टेम्पो कुठल्या घाटाने नेणार पण? कुंभार्लीने जाऊ नको, वळणावर गाडीचे पट्टे सैल होतात, आमच्या पेट्या सरकतात तर गाडी काय. माणगावहून ताम्हिणी धर.

घाटमाथा_जीटी
ताम्हिणीत पावसात दरड. कुंभार्लीच बरा, कराडवरून हायवे.

आंबापेटी_५डझन
मी दर मोसमात वीस खेपा करतो हो.

वाशिष्ठीकाठ
घाटाचं नंतर बघू. फिटर भाऊ, सव्वा इंची शेड्यूल ५ चा हिशेब एकदम डोक्यात बसला, आभार. बनवून कोण देईल आणि साधारण किती?

मिरजोळे_फिटर
मिरकरवाड्याला बोटींचं टिग वेल्डिंग करणारे आहेत, हात चांगला. पण आत्ता विचारू नको, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे सगळ्या बोटी वर ओढलेल्या, त्यांना मान वर करायला वेळ नाही. नारळी पौर्णिमेनंतर गाठ.

एसएस ३०४ चा ४-१, पाईप, बेंड, १० एमएम फ्लँज लेझर कटिंग, मजुरी धरून २८-३० होईल. एमएसमध्ये १५-१६. तीन गोष्टी उभं राहून करून घे. वेल्डिंग चालू असताना पाईपच्या आतून आर्गॉन सोडायला सांग, नाहीतर एसएसला आतून साखरेसारखे दाणे धरतात आणि तिथूनच चीर जाते. फ्लँज एखाद्या भंगार हेडला नटांनी आवळूनच वेल्ड करायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर केळ्यासारखा वाकतो आणि मग गॅस्केट टिकत नाही. तिसरं, एसएस तापल्यावर वाढतं फार, ७० सेंटीमीटरचा पाईप लाल झाला की ८ एमएमच्या आसपास लांबतो. ४-१ ला कलेक्टरपाशी स्लिप जॉइंट ठेव, स्प्रिंगने धरलेला. सगळं कडक वेल्ड केलंस तर पहिल्याच सीझनला तडा.

लॅम्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बंग, म्हणजे तो बसवायचा तुकडा, एम१८ बाय १.५ आट्याचा, कलेक्टरनंतर. त्याच्या आधी कुठे लीक राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं गाडी लीन (पेट्रोल कमी) आहे आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल ओतत बसतो.

दापोलीचे_काका
एवढं सगळं करून बॅक प्रेशर कुठून आणणार?

बांगडाफ्राय
😂

घाटमाथा_जीटी
३० हजार झालेच ना, मग अजून ४० घाल आणि बाहेरचा घे.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, बरेच दिवसांनी अपडेट. शिव्या घालायच्या तर घाला.

कोल्हापुरात एकाने रॅलीची बलेनो मोडायला काढली होती, तिचा एमएस ४-२-१ मला ९ हजारात मिळाला. जुना, एका जागी ठिगळ आहे, जोडी १-४ आणि २-३ आहे (बांगडाफ्राय, सगळ्यात आधी तेच बघितलं, टॉर्च घेऊन). मोजून पाहिला. पोर्ट धरून चार पाईप १४ इंच, पुढचे दोन १६, एकूण ३०. फिटर भाऊंच्या ठोकताळ्यात उलटं घातलं तर ६२०० च्या आसपास येतो, मला ६८०० हवे होते. व्यासही जरा कमी, आतून ३५ भरला.

तरी घेतला. रात्री बसून गिअरचं गणित केलं. गिअरबॉक्स कंपनीचाच आहे, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की आरपीएम ४६०० पर्यंत पडतो, म्हणजे ४०२ मीटरमधला बराच वेळ मी ६८०० च्या जवळपासही नसणार. तिथे ४-१ मला उपाशी ठेवेल. क्लोज रेशो गिअर (बदलताना आरपीएम कमी पडतो असे) परवडतील तेव्हा ४-१ चं बघू. दुसरं म्हणजे हा सम्पखालून (इंजिनाखालची ऑइलची टाकी) चार बोटं जागा सोडून जातो, टेम्पोच्या फळीवर चढवताना घासत नाही, प्रत्यक्ष चढवून बघितलं. उरलेल्या पैशात क्लच प्लेट आणि पुढचे दोन टायर. रॅप नाही, नुसता चंदेरी हीट पेंट मारलाय, बाबांनीच मारला, दोन हात.

मिरजोळे_फिटर
३५ बारीक आहे. वर गुदमरेल, ६५०० नंतर बघ. पण गिअरचं म्हणतोस ते खरं आहे. ठिगळ आहे तिथे आतून हात घालून बघ, वेल्डिंगचा थेंब आत आला असेल तर घासून काढ.

घाटमाथा_जीटी
जुना माल, एमएस, ठिगळ. आम्ही इथे कशाला टाईप करत होतो.

हर्णैचा_दर्यावर्दी
रॅप नाही केलास, माझं तरी कोणी ऐकलं.

वाशिष्ठीकाठ
फिटर भाऊ, होता थेंब, वाटाण्याएवढा. डाय ग्राइंडरने काढला. काल घरासमोर स्टार्ट केली, ३ नंबरच्या फ्लँजपाशी चक चक आवाज येतोय, पट्टी ठेवून बघितलं तर मध्ये ०.४ एमएमचा फिलर गेज जातोय. फेस मारून (मशीनवर सपाट करून) आणू की जाड गॅस्केटवर भागेल?

मिरजोळे_फिटर
फेस मारून आण. मिलिंगवाल्याला पूर्ण हेडर न्यायला लागेल, आधी फोन करून त्याच्या टेबलवर बसेल का विचार.

बांगडाफ्राय
कोल्हापूरवाल्याकडे बलेनोचा अल्टरनेटरचा ब्रॅकेट शिल्लक आहे का विचार ना, मला पण इंजिन बदलायचा विचार चाललाय.