मदत हवी आहे: स्पेंट फ्युएल पूलचे टेस्ट रिपोर्ट, नऊ दिवसांवर तपासणी आणि माझी सही

रेतीखडी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकत असेल तर सांभाळून घ्या.

मी सिव्हिलवाला, एका उपकंत्राटदाराकडे क्यूसी (गुणवत्ता तपासणी) इंजिनियर. अणुभट्टीतून बाहेर काढलेलं, वापरलेलं इंधन ठेवायचा तलाव बांधायचं काम चालू आहे, त्यावर आहे. कुठलं काम, कोणाचं, हे सांगत नाही आणि कृपया विचारू नका. माझी हयात काँक्रीटमध्ये गेली. स्लम्प, क्यूब, हनीकोंब हे झोपेतही सांगेन. वेल्डिंगचा क्यूसीवाला दिवाळीत सोडून गेला आणि त्याच्या फाइली माझ्या टेबलावर येऊन पडल्या.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: तलावाच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि आतून स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचं अस्तर, त्याला लायनर म्हणतात. पत्र्याचे जोड आर्गन वेल्डिंगचे. प्रत्येक जोडाच्या मागे एक बारीक पन्हळ असते, लीक चेस. जोड कधी झिरपला तर पाणी काँक्रीटमध्ये न मुरता पन्हळीतून खाली येतं आणि कुठल्या भागातून आलं ते कळतं. जोड चांगला आहे का ते पाहायला डीपी (रंगीत द्रव लावून भेगा शोधणं) आणि व्हॅक्यूम बॉक्स (पेटी लावून हवा ओढून गळती बघणं) या दोन टेस्ट होतात.

परवा रात्री तपासणीसाठी फाइल लावत होतो. एका भिंतीच्या १४ जोडांचे व्हॅक्यूम बॉक्स रिपोर्ट, सलग तीन दिवसांचे. सगळ्यांवर एकच गेज (दाब मोजायचं यंत्र) क्रमांक. तो क्रमांक कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला म्हणून आउटवर्ड रजिस्टर उघडलं. ते गेज त्या तीन दिवसांत साइटवर नव्हतंच! कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) गेलं होतं, आणि चलनावर सही माझीच आहे. मग रिपोर्ट नीट पाहिले. १४ च्या १४ एका हाताचे, एका पेनाचे, आणि ‘ऑब्झर्व्ह्ड’चं स्पेलिंग चौदाही ठिकाणी एकाच पद्धतीनं चुकलेलं.

सुपरवायझर म्हणतो, “साहेब, टेस्ट केल्यात, गेज दुसरं होतं, नंबर चुकून पडला.” साइटवर गेज दोनच. दुसऱ्याच्या काचेला तडा गेलाय, ते पावसाळ्यापासून कपाटात पडून आहे. मॅनेजरकडे गेलो तर ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, “सही करून टाक. नाहीतरी शेवटी पाणी भरून टेस्ट होणारच आहे. गळालं तर तेव्हा बघू.”

एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) टीम नऊ दिवसांनी येतेय. त्या भिंतीचं स्कॅफोल्डिंग उतरवून झालंय. मला विचारायचंय ते एवढंच: पाणी भरून टेस्ट झाली तर व्हॅक्यूम बॉक्सची उणीव खरंच भरून निघते का? आणि मी स्वतःहून एनसीआर (काम नियमाप्रमाणे नाही, अशी लेखी नोंद) काढला, तर तपासणीत तो आमच्यावरच शेकेल का? घरी कर्जाचे हप्ते आहेत, उगाच हुतात्मा व्हायची हौस नाही. पण सहीही होत नाहीये.

----

आमरसपुरी

रेतीखडी, व्यवहाराचं सांगू का? तपासणीवाले फाइल बघतात, पत्रा नाही. फाइल चकाचक असली की झालं. सही करा, पगार घ्या, पुढची साइट बघा. सगळीकडे असंच चालतं.

----

जुनाजाणता_क्यूए

आमरसपुरी, असं चालतं तिथे काय होतं ते खाली लिहितो. आधी धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो.

भाऊ, पहिलं म्हणजे साइटचं नाव, ड्रॉइंग, फोटो इथे टाकू नका. आत्तापर्यंत टाकलं नाहीत, शहाणे आहात.

आता पाण्याची टेस्ट. मी ३४ वर्षं वेल्डिंग तपासण्यात घालवली, त्यात असले लायनरही होते. पाणी भरल्यावर तलाव गळतोय एवढं कळतं, फार तर कुठल्या पन्हळीतून येतंय ते कळतं. पण एका पन्हळीमागे कित्येक मीटर जोड असतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधायचं असतं. तलाव रिकामा करा, वाळवा, पुन्हा मचाण बांधा, आणि शेवटी व्हॅक्यूम बॉक्सच लावा. म्हणजे आज जे दोन दिवसांचं काम आहे ते उद्या दोन महिन्यांचं. शिवाय काही भोकं आज गळत नाहीत. वेल्डिंगचा मळ, ग्राइंडिंगची भुकटी त्यात बसलेली असते. वर्षा-दोन वर्षांनी ती सुटते, आणि तोवर तलावात इंधन असतं.

ही भीती घालायची गोष्ट नाही, घडलेली आहे. जपानच्या आओमोरी प्रांतात रोक्काशो नावाचं गाव आहे. तिथल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात वापरलेल्या इंधनाचे तलाव आहेत, क्षमता ३,००० टन. इंधन यायला लागलं होतं आणि २००१ मध्ये एका तलावाची गळती लक्षात आली. नेमकी जागा सापडायला वर्षाहून जास्त काळ गेला. कारण काय निघालं? बांधकामाच्या वेळी पत्रा मापात बसला नाही म्हणून तुकडा लावून वेल्ड केला, वरून घासून गुळगुळीत केला आणि कागदावर कुठेच लिहिलं नाही. मग सगळंच उकरावं लागलं, तेव्हा अशी चुकीच्या कामाची २९१ ठिकाणं सापडली. दोनशे एक्क्याण्णव! जपानसारख्या काटेकोर देशात. आणि फाइल? ती चकाचकच होती, आमरसपुरी.

एनसीआर शेकतो का? हे बघा, एवढ्या मोठ्या कामात एकही एनसीआर नसलेली फाइल समोर आली की तपासणीवाल्याच्या भुवया वर जातात. माझ्या तर जायच्या. चूक सापडली, नोंदवली, दुरुस्त केली, परत तपासली, अशी साखळी दिसली की माणूस निवांत होतो. आणि गेजचं रजिस्टर ते बघतातच. कॅलिब्रेशनच्या तारखा रिपोर्टशी ताडून बघणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना उद्योग आहे. तुम्हाला जे रात्री सापडलं ते त्यांना सकाळच्या चहाआधी सापडेल. फरक इतकाच की तेव्हा खाली तुमची सही असेल.

म्हणून: एनसीआर आजच, तारीख घालून. मजकूर कोरडा ठेवा. ‘अमुक जोडांच्या रिपोर्टवरील गेज त्या तारखांना साइटवर उपलब्ध नव्हते, सबब टेस्ट ग्राह्य धरता येत नाही, पुन्हा टेस्ट प्रस्तावित.’ कोणी खोटं लिहिलं वगैरे एक अक्षर नको. ती चौकशी करणं तुमचं काम नाही. प्रत तुमच्या मॅनेजरला आणि मुख्य कंत्राटदाराच्या क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला), एकाच वेळी. जुने रिपोर्ट फाडू नका, त्यावर खाडाखोडही नको. रद्द शिक्का मारून मागे लावा.

----

रेतीखडी

काका, खूप आभार. खरं सांगायचं तर ‘सही तुमची असेल’ वाचून पोटात गोळा आला. टेस्ट परत करताना मी स्वतः उभा राहणार आहे, पण मी काँक्रीटवाला. नेमकं काय बघू?

----

जुनाजाणता_क्यूए

कठीण नाही. काचेची पेटी, खाली मऊ रबर. जोड पुसून कोरडा करायचा, साबणाचं पाणी लावायचं. फेस आधीच झाला तर पुसून परत लावा, नाहीतर फेसाचे बुडबुडे आणि गळतीचे बुडबुडे यात तुमची गल्लत होईल. पेटी दाबून पंप लावायचा. एएसएमई (अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांची संस्था) च्या नियमावलीतल्या सेक्शन ५ प्रमाणे आतला दाब बाहेरच्यापेक्षा निदान २ पीएसआयनं कमी हवा आणि तो निदान १० सेकंद टिकला पाहिजे. तुमच्या प्रोसिजरमध्ये जास्त दिला असेल तर तो पाळा. काटा गेजवर बघा, वेल्डरच्या तोंडाकडे नको. पेटी पुढे सरकवताना आधीच्या जागेवर ५० मिमी तरी चढली पाहिजे. घाईत नेमकी तीच जागा सुटते. उजेड भरपूर, १००० लक्स.

सरळ जोडात सहसा काही निघत नाही. कोपरे बघा, भिंत आणि तळ मिळतात ते. आणि जिथे एम्बेडेड पार्टला (काँक्रीटमध्ये पुरलेल्या धातूच्या भागाला) पत्रा भिडतो तिथे. कोपऱ्यासाठी काटकोनी पेटी लागते. ती नाही म्हणून कोपरे ‘डीपी केलंय ना’ म्हणून सोडून देतात, हा नेहमीचा प्रकार.

आणखी एक. तुम्ही काँक्रीटवाले आहात म्हणून मुद्दाम सांगतो. ओतकाम करताना सिमेंटची स्लरी पन्हळीत शिरलेली असू शकते. वरच्या टोकातून बादलीभर पाणी सोडा आणि खाली येतं का बघा. अमेरिकेत न्यू जर्सीला सेलम म्हणून वीजकेंद्र आहे. तिथल्या तलावातून झिरपलेलं पाणी निचऱ्याच्या नळ्यांतून यायला हवं होतं. पण त्या क्षारांनी तुंबल्या होत्या. खाली पाणी येत नाही म्हणजे सगळं ठीक, असा समज झाला. पाणी बिचारं दुसऱ्या वाटेनं गेलं. २००२ मध्ये गळती लक्षात आली आणि पुढे आवारातल्या भूजलात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) सापडलं.

----

बोईसरकर

हे वाचून मला झोप कशी लागायची? आमच्या घराच्या गच्चीवरून तारापूरचा दिवा दिसतो. तिथेही हेच तलाव ना?

----

जुनाजाणता_क्यूए

बोईसरकर, तलाव आहेतच, आणि १९६९ पासून आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन. १९६३ च्या करारामुळे त्यांच्या वापरलेल्या इंधनाचं काय करायचं यावर दोन्ही सरकारांचा घोळ वर्षानुवर्षं चालला. तोवर इंधन साठत गेलं, म्हणून तिथे भट्टीपासून वेगळी साठवणही उभी करावी लागली. हा धागा वेगळ्या, चालू बांधकामाचा आहे. दोन्हींची गल्लत करू नका. आणि झोपेचं म्हणाल तर लायनर म्हणजे भिंत नव्हे. त्याच्या मागे पन्हळ, मागे जाड काँक्रीट. तलाव असा एका भोकानं रिकामा होत नाही. माझा वाद आहे तो कागदावर खोटं लिहिण्याशी. कारण मग कुठला थर खरा आणि कुठला कागदी हे कोणालाच सांगता येत नाही.

----

ओंटारियोची_मावशी

उशिरा वाचला धागा. मी इकडे कॅनडात याच क्षेत्रात आहे, पण कोरड्या साठवणीत. तुमच्याकडच्या जडपाण्याच्या भट्ट्या आणि आमच्या कँडू एकाच घराण्यातल्या, इंधनाचा बंडल तसाच, अर्धा मीटरचा. इथे तो निदान १० वर्षं पाण्यात निवतो, मग काँक्रीट-पोलादाच्या भल्यामोठ्या डब्यात जातो. एका डब्यात ३८४ बंडल, भरलेला डबा ७० टनांच्या आसपास. झाकणाचा वेल्ड हा आमचा जीव की प्राण. अल्ट्रासॉनिक झाल्यावर परत हेलियमनं गळती बघतात.

रेतीखडी, तुला (लहान असशील असं धरून अरे-तुरे करते) नोकरीची भीती वाटतेय ती खोटी नाही. पण लपवलेलं बाहेर कसं येतं ते सांगते. कॅलिफोर्नियात सान ओनोफ्रे इथे ३ ऑगस्ट २०१८ ला इंधन भरलेला डबा भूमिगत खोबणीत उतरवताना आतल्या कडीवर अडकला. पट्टे सैल पडले तरी उतरवणाऱ्यांना पत्ता नाही. जवळजवळ तासभर तो नुसता त्या कडीवर टेकून होता, खाली १८ फूट पोकळी. पडला नाही, सुदैव. सहा दिवसांनी तिथल्याच, कामगारांची सुरक्षितता पाहणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं जाहीर बैठकीत उठून सगळं सांगितलं. पुढे नियामकांनी १,१६,००० डॉलरचा दंड केला, आणि वेळेत कळवलं नाही हाही ठपका त्यात होता. काका म्हणतात तसं कागदावर आण, बाबा. आणि तुझ्या मेलची प्रत ठेव.

----

आमरसपुरी

बरं बाबा, माझा प्रतिसाद मागे. २९१ वाचून गप्प बसलो.

----

रेतीखडी

अपडेट. उशीर झाला, माफ करा. तपासणी होऊन गेली.

एनसीआर त्याच दिवशी काढला, काकांचाच मजकूर जवळपास जसाच्या तसा. मॅनेजर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुख्य कंत्राटदाराच्या क्यूए मॅडम आल्या, रजिस्टर पाहिलं आणि तिथल्या तिथे स्कॅफोल्डिंग परत चढवायला सांगितलं. काटकोनी पेटी नव्हतीच! ती मागवण्यात एक दिवस गेला.

१४ पैकी १३ जोड पास. चौदावा तळाच्या कोपऱ्यात, एम्बेडेड पार्टपाशी. मी वाकून काचेतून बघत होतो. काटा स्थिर झाला, मी मनात आकडे मोजतोय, सात, आठ, आणि एक बुडबुडा. मोहरीएवढा. फुटला. परत तिथूनच दुसरा. वेल्डर शेजारी उकिडवा बसला होता, तो म्हणाला, “गाठलं साहेब.” त्याला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, कळलं नाही. पेनानं गोल करायला निघालो तर त्यानंच हात धरला. साधं पेन स्टेनलेसवर चालत नाही म्हणे, क्लोराइड असतं.

पन्हळींत पाणी सोडलं, एक सोडून सगळ्या मोकळ्या निघाल्या. तुंबलेलीवर वेगळा एनसीआर.

तपासणीत गेज रजिस्टर पहिल्या तासातच मागितलं. मी एनसीआर पुढे केला. त्यांनी दोनदा वाचला, “बाकीच्या भिंतींचे रिपोर्ट याच हातचे आहेत का?” एवढंच विचारलं. आहेत. त्यामुळे आता आणखी दोन भिंतींची टेस्ट परत करायची आहे, आणि मॅनेजरांनी पुन्हा बोलणं बंद केलंय. सुपरवायझरची बदली झाली. कुठे, विचारलं नाही.

काका, शेवटची शंका. कोपऱ्यातला तो जोड एकदा रिपेअर केला, डीपीत परत बारीक रेघ दिसतेय. दुसऱ्यांदा करता येईल?

----

जुनाजाणता_क्यूए

किती वेळा करायचा ते तुमच्या मंजूर प्रोसिजरमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. परवानगी असेल तर नुसती रेघ घासू नका, पूर्ण खणून काढा, खणलेल्या खळग्याचं डीपी करा, साफ आलं तरच भरा. ग्राइंडिंगची चकती नवी घ्या. साध्या लोखंडावर वापरलेली चकती त्या पत्र्याला लागली तर गंज तिथूनच धरेल.

----

रेतीखडी

चकत्यांचा डबा वेगळा काढलाय काका. किल्ली माझ्याकडे आहे. उद्या सकाळी खणतोय.