फॉर्मिक आम्लाने यीस्ट अडते, मेथॅनॉलने फारसे नाही, असे का?

काजूबोंड, रत्नागिरी:
पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी काजूच्या बोंडांच्या रसात बेकरीचे यीस्ट वाढवत आहे. फळातील पेक्टिनचे विघटन होताना थोडे मेथॅनॉल सुटते, म्हणून मेथॅनॉल आणि त्यापासून तयार होणारे फॉर्माल्डिहाइड व फॉर्मिक आम्ल वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घालून वाढ मोजली. मेथॅनॉल 1 टक्का असतानाही वाढ विशेष मंदावली नाही. फॉर्मिक आम्लाच्या त्याहून पुष्कळ कमी मात्रेने ती जवळजवळ थांबली. मात्र बफर (सामू बदलू न देणारे मिश्रण) घालून सामू 6 वर स्थिर ठेवलेल्या रसात तेवढ्याच मात्रेचा काहीही परिणाम दिसला नाही. फॉर्माल्डिहाइडच्या फ्लास्कमध्ये पहिल्या दिवशी रस निवळच राहिला आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट नेहमीच्या वेगाने वाढू लागले. माणसाचा जीव घेणारे मेथॅनॉल यीस्टला का बाधत नाही, आणि एकच आम्ल दोन ठिकाणी इतके वेगळे का वागले, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

दापोलीकर:
आधी आम्लाचे पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. फॉर्मिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडून विघटित झालेले असतात तो, 3.75 आहे. बोंडाच्या रसाचा सामू 4 धरला, तर त्यातील सुमारे 36 टक्के आम्ल अविघटित रूपात असते, आणि सामू 6 ला हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पेशीच्या पटलातून सहज आत शिरते ते हे अविघटित रूपच. आतला सामू उदासीनतेच्या जवळ असल्याने तिथे त्याचे विघटन होते, प्रोटॉन सुटतात, आणि ते बाहेर फेकण्यासाठी पेशीला एटीपी, म्हणजे तिचे ऊर्जेचे चलन, खर्चावे लागते. शिवाय मागे राहिलेले फॉर्मेट तंतुकणिकांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनाच्या विकराला (एन्झाइमला) अडवते. म्हणजे आपण किती आम्ल ओतले यापेक्षा कोणत्या सामूला ओतले, हे अधिक महत्त्वाचे.

मेथॅनॉलची गोष्ट वेगळी. माणसाच्या यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते आपल्या शरीरातून सावकाश निघत असल्याने साचून दृष्टी व जीव दोन्ही घेते. बेकरीच्या यीस्टमध्ये ही पहिली पायरीच फार मंद असते, त्यातून साखर आंबून झालेले इथॅनॉल त्याच विकराची जागा अडवून बसते. उरतो तो मेथॅनॉलचा पेशीपटलावरील परिणाम, आणि तो इथॅनॉलपेक्षाही सौम्य असतो.

मालवणी माड:
वरील उत्तराला फॉर्माल्डिहाइडची जोड देतो. ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटते, त्यामुळे तिघांत तेच सर्वांत जहाल. परंतु यीस्ट ते ग्लुटाथायोन या पेशीतील छोट्या रेणूला जोडून, एका डिहायड्रोजिनेजच्या साहाय्याने, शेवटी फॉर्मेटमध्ये बदलते. आपल्याला दिसलेला एक दिवसाचा विलंब बहुधा या साफसफाईचा असावा: विष संपेपर्यंत वाढ थांबली, मग सुरू झाली. एक सावधगिरी बाळगा. पेप्टोन किंवा यीस्ट अर्क असलेल्या माध्यमातील अमिनो गटांशी फॉर्माल्डिहाइडचा बराच भाग आधीच संयोग पावतो, म्हणून तिथे ते वाटते तितके घातक ठरत नाही. बाटलीतील फॉर्मॅलिनमध्ये ते टिकावे म्हणून बहुधा 10 ते 15 टक्के मेथॅनॉलही असते, तेही हिशेबात धरा.

आणि सगळ्याच यीस्टना मेथॅनॉल निरुपयोगी नसते. पिकिया पास्टोरिस पेरॉक्सिसोममधील अल्कोहोल ऑक्सिडेजने ते जाळून त्यावरच वाढते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची 1997 मधील हिपॅटायटिस-बी लस याच यीस्टमध्ये तयार केली गेली. पण तिथेही मेथॅनॉल थोडे थोडे पुरवावे लागते, कारण एकदम जास्त दिले की फॉर्माल्डिहाइड साचते आणि पिकियासुद्धा मरते.

काजूबोंड, रत्नागिरी:
दोघांचेही आभार. बिनबफरच्या फ्लास्कमध्ये आम्ल घातल्यावर रसाचा सामूही उतरला होता, हे मी नोंदवले होते, पण त्याचा विचार केला नाही. मग वाढ थांबली ती फॉर्मेटमुळे की नुसत्या आंबटपणामुळे, हे कसे ठरवावे?

दापोलीकर:
त्याच सामूपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्लाने आणलेला एक फ्लास्क शेजारी ठेवा. त्यात यीस्ट नीट वाढले, तर दोष फॉर्मिक आम्लाचा. मेथॅनॉल मात्र निर्जंतुकीकरण झाल्यावर, रस थंड झाला की घाला, ते 64.7 अंशांना उकळते, ऑटोक्लेव्हमध्ये घातले तर आपण मोजता आहात तेवढे फ्लास्कमध्ये उरणारच नाही.

काजूबोंड, रत्नागिरी:
मी ते आधीच घातले होते. मेथॅनॉलचे सर्व फ्लास्क पुन्हा लावतो.