बोटीवर फोन आणि टॅब चार्ज कसे ठेवता?

छोटी शिडाची बोट आहे, १२ व्होल्टची एकच बॅटरी. दोन फोन आणि नकाशासाठी एक टॅब, आणि टॅब चार्जिंगला लावलेला असला तरी टक्के उतरतातच, इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर १:
इन्व्हर्टर नको हो. १२ चे २३० करायचे आणि परत ५ वर आणायचे, दोन्हीकडे वीज वाया. जुन्या यूएसबी सॉकेटमधून साधारण ५ ते १० वॅटच मिळतात आणि स्क्रीन फुल ब्राइट ठेवून जीपीएस चालू असलेला टॅब तेवढे सहज खातो, म्हणून टक्के उतरतात. १२ व्होल्टवर चालणारं ३० वॅटच्या पुढचं टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॅट देणारं) सॉकेट बसवा, वायर जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा, हे प्लीज टाळू नका, बोटीवर आग लागली तर पळायला जागा नसते.

उत्तर २:
सहमत. हिशोब सांगतो, प्रत्येक फोन साधारण १५ वॅट-अवर, टॅब ३०, म्हणजे सगळे एकदा फुल करायला गळती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६ अँपिअर-अवर. २० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात एवढं दिवसभरात भरून काढतं. स्वस्त चार्जरने व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) खरखर येते, चार्जर काढून बघा एकदा.

उत्तर ३:
पोर्ट ओला असताना केबल लावू नका, खाऱ्या पाण्याने पिना गंजतात. आणि एक पॉवर बँक भरलेली ठेवाच, वॉटरप्रूफ पिशवीत.

प्रश्नकर्ता:
खरखर येतेच माझ्याकडे! मला वाटायचं अँटेनाच गेला. सॉकेट बदलतो, धन्यवाद.