अकरा हजार फोटो, एकच फोल्डर: हलवायचे की राहू द्यायचे?

रानजाई
आमच्या गिर्यारोहण गटाचं संकेतस्थळ २००५ पासून चालू आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोटो 'इमेजेस' नावाच्या एकाच फोल्डरात पडत गेला. आज तिथे अकरा हजारांवर फायली आहेत, त्यातल्या निम्म्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेली, डीएससी आणि पुढे आकडे. परवा राजगडावरच्या पद्मावती तळ्याचा एक जुना फोटो शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. हे काम आता माझ्याकडे आलंय, आणि जिल्हा, मग किल्ला असे फोल्डर करून सगळं लावायचं माझ्या मनात आहे. अडचण एकच: या फोटोंचे थेट दुवे वीस वर्षांत लोकांनी ठिकठिकाणी दिलेत. फाईल हलली की पत्ता बदलणार. तरी माझं मत, थोडी मोडतोड झाली तरी चालेल, पसारा एकदा आवरायलाच हवा.

कातळ
ताई, कृपा करून हलवू नका. एका दुसऱ्या गटाने असंच आवरलं होतं. तिथल्या एका फोटोवर मी अशेरीगडाच्या वाटेचा फाटा बाण काढून दाखवला होता आणि त्या वाटेबद्दल लिहिलेल्या माझ्या माहितीत त्याचाच दुवा दिला होता. पावसाळ्यात चार मुलं ती माहिती मोबाईलवर घेऊन गेली. फाट्यावर उभी राहून मला फोन: "काका, फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसतेय, डावीकडे की उजवीकडे?" रेंज होती म्हणून बरं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलंय की चांगला पत्ता बदलत नाही. एकदा लोकांना दिलेला पत्ता आपल्या एकट्याचा राहत नाही.

आणि जिल्ह्यांचे फोल्डर तर मुळीच नकोत. अशेरीगड २००५ मध्ये ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. नळदुर्गाचा उस्मानाबाद आता धाराशिव आहे. दर वेळी फोल्डरचं नाव बदलणार का?

हिरडा
कातळराव, तुमच्या त्या गटाने फायली हलवल्या ही चूक नव्हे. जुन्या पत्त्यावर पाटी ठेवली नाही, ही चूक. संकेतस्थळ अपॅची या सर्व्हर-प्रणालीवर असेल तर एचटीअॅक्सेस या तिच्या सूचनांच्या फाईलमध्ये ३०१ चा नियम लिहायचा: जुना पत्ता मागितला की नव्याकडे कायमचं पाठव. बघणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

फक्त दोन ठिकाणी जपा. 'इमेजेसमध्ये राजगडने सुरू होणारं सगळं राजगड फोल्डरात पाठव' असा नियम लिहिलात, तर नवा पत्ताही त्याच नियमात बसतो आणि ब्राउझर गोल गोल फिरत बसतो. माझं असं झालंय. फाईलच्या नावात तिरकी रेघ नसेल तरच, ही अट घाला. दुसरं, आधी ३०२, म्हणजे 'तात्पुरतं पाठव', लावून तपासा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीचा नियम तुम्ही सुधारलात तरी एखाद्याकडे जुनाच चालत राहतो.

कारवी
हिरडा, हे राजगड-०१ सारख्या नावांना ठीक. ज्यांची नावं नुसते आकडे आहेत, त्यांना एका नियमात कसं बसवणार? जुन्या-नव्या पत्त्यांचा मोठा तक्ता देण्याची सोय अपॅचीत आहे, पण ती सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्येच लिहावी लागते. सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर, आपला हात तिथे पोचत नाही. मग एचटीअॅक्सेसमध्ये पाच हजार ओळी? ती फाईल प्रत्येक मागणीला वाचली जाते.

आणि फोल्डर म्हणजे व्यवस्था हा समजच मला पटत नाही. राजगडावरून टिपलेला तोरणा कुठल्या फोल्डरात ठेवाल? विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहात फाईल कुठल्या फोल्डरात जाईल ते तिच्या नावावरून गणिताने ठरतं, माणसाला त्याचा काही अर्थ लागत नाही. लोक शोधतात ते वर्गांवरून, आणि एक फोटो हव्या तितक्या वर्गांत बसतो. ताई, तुम्ही एक तक्ता करा: फाईलचं नाव, किल्ला, वर्ष, कोणी काढला. फायली आहेत तिथेच राहू देत.

रानजाई
तोरण्याचा मुद्दा लागू पडला, कारवी. जिल्ह्यांचा विचारही सोडला. पण मग फायलींची निदान नावं तरी मराठीत करू का?

कारवी
नाव बदललं की पत्ता बदललाच, म्हणजे दुखणं तेच. शिवाय पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. 'राजगड' एवढ्याच नावाची पंचेचाळीस टक्केचिन्हं-आकडे होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना असा दुवा मध्येच तुटलेला मी पाहिलाय. नाव मराठीत हवं ते तक्त्यात आणि फोटोखालच्या ओळीत.

हिरडा
थांबा. 'आहे तिथेच राहू दे' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलेली नाही. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा १ वर येतो. गटात तिघांकडे एकाच कंपनीचा कॅमेरा असेल, तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. एकाच फोल्डरात त्याच नावाची दुसरी फाईल चढवली, की पहिली पुसली जाते. दुवा शाबूत, पण फोटो भलताच! रिकामी चौकट निदान दिसते तरी. ताई, जुन्या पानांवर एकदा नजर टाका.

रानजाई
काल रात्री बसले. दोनशे पानं पाहिली, सात ठिकाणी हेच झालंय. रतनगडाच्या नेढ्याच्या, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाच्या, ओळीवर आमच्याच एका सभासदाच्या मुंजीतला फोटो आहे. नेढ्याचा मूळ फोटो काढणारे काका आता नाहीत. त्यांच्या मुलीला निरोप पाठवलाय, जुन्या सीडी आहेत का ते विचारायला.

म्हणून इथून पुढचा प्रत्येक फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरात चढेल, वर्डप्रेस ही संकेतस्थळं चालवणारी प्रणाली करते तसं. चढवल्याची तारीख कधी बदलत नाही. जुन्या अकरा हजारांना हात लावणार नाही, त्यांचा तक्ता करणार.

हिरडा
अर्धाच निर्णय झाला हा. जुना फोल्डर उघडा राहिला तर कोणीतरी सवयीने तिथेच चढवणार आणि आणखी फोटो पुसणार.

कातळ
मग त्या फोल्डरावर आणि आतल्या फायलींवर लिहिण्याची परवानगी काढून टाका, वाचण्याची ठेवा. पत्ते जागेवर राहतील आणि वरून काही पडणार नाही. हिरडा, मुंजीचा फोटो वाचून मात्र मी गप्प झालो. मी फक्त दुव्यांचाच विचार करत होतो.

हिरडा
परवानगीचं ठीक आहे, पण माझं मत तेच. नावांना धरून सर्व्हरवर चालणारी एक छोटी पीएचपी फाईल जुन्या पत्त्यांना वाट दाखवू शकते. न सापडलेली मागणी तिच्याकडे वळवायची, तिने तक्त्यात बघून ३०१ द्यायचा. पाच हजार ओळी लागत नाहीत. तक्ता करतच आहात, तर 'नवा पत्ता' असा एक रकाना रिकामा ठेवा. पाच वर्षांनी जो कोणी हे सांभाळेल, त्याला ठरवता येईल.

रानजाई
रकाना ठेवते. तक्त्याला हात हवेत. ज्यांना गड नुसत्या फोटोवरून ओळखता येतात, त्यांनी सांगा. एकेकाला दोनशे फायली देईन. सुरुवात २००५ च्या राजगडापासून.

कातळ
पहिल्या दोनशे मला द्या.